बिनआवाजाची गाडी

आमच्या भोरात हायब्रिड गाडी घेणारा मी पहिला नसेन, पण त्या गाडीवरून सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला माणूस मीच असणार. "कारकुनाची जात! पेट्रोलचे चार पैसे वाचवायला गेला आणि बॅटरीत बुडाला," असं एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माझ्याविषयी बोललं जातं. बोलू देत. प्रांत कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी जन्म काढला, लोकांच्या अर्जातल्या चुका काढण्यात हयात गेली. आता लोकांनी माझ्या काढल्या तर तक्रार कुठल्या तोंडानं करू? फक्त एक गोष्ट त्यांनी चुकीची धरली आहे. गाडी मी पेट्रोलसाठी घेतलीच नव्हती. ती मी माझ्या बायकोचं बोलणं ऐकू यावं म्हणून घेतली होती.

कुंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीतली पहिली शाळा मिळाली ती पासलीची, वेल्ह्याच्या पुढे, डोंगरात. दुसऱ्या बाया अशी ऑर्डर हातात पडली की रडायच्या आणि बदलीसाठी साहेबांचे उंबरे झिजवायच्या. आमच्या बाईसाहेबांनी आलेली बदली दोनदा नाकारली. मी भोरात, ती पासलीत. शनिवारी कचेरी सुटली की मी धावत स्टँड गाठायचा, नसरापूरला गाडी बदलायची, वेल्ह्याला पुन्हा बदलायची, आणि शेवटची एसटी हुकली तर मिळेल त्या टेम्पोत मागे उभं राहून पासली गाठायची. आमच्या संसाराची सुरुवातीची दहा-बारा वर्षं अशी शनिवारच्या भरवशावर गेली. आठवडाभर तिची वाट बघायची सवय मला तेव्हा लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.

पुढे ती भोरला आली, मिताली झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. आणि आता निवांत भांडू म्हणेपर्यंत कुंदाच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला. फुप्फुसं कडक होत जातात म्हणे. डॉक्टरांनी बरंच समजावून सांगितलं. मला एवढंच कळलं की हिला हवा पुरणार नाही, दिवसेंदिवस कमीच पुरेल. चाळीस पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारा तिचा आवाज हळूहळू इतका बारीक झाला की स्वयंपाकघरातला पंखासुद्धा बंद करावा लागायचा.

तरी तिला पासलीला जायचं असायचं. तिथे धोंडाबाई होत्या. नोकरीच्या काळात कुंदा त्यांच्याच पडवीतल्या खोलीत राहायची, आणि त्यांचं नातं आता सख्ख्या बहिणींच्या वर गेलं होतं. आमची जुनी डिझेल गाडी मात्र नुसता खुळखुळा. कुंदा मागे बसून काहीतरी बोलायची. मी ओरडून विचारायचो, "काय?" ती पुन्हा सांगायची. मी पुन्हा "काय?" तिसऱ्या खेपेला तिचा दम संपायचा आणि ती हात हलवून म्हणायची, "काही नाही." ते "काही नाही" मला असं झोंबायचं की गाडी ओढ्यात ढकलून द्यावी.

म्हणून मी शांत गाडी शोधायला लागलो. पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ही हायब्रिड उभी होती. विक्रेत्यानं मायलेज सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, ते राहू दे, तू मागे जाऊन बस आणि मी गाडी चालवताना हळू आवाजात काहीतरी बोल. पोरगं गांगरलं. मागे बसून पुटपुटलं, "काका, ऑफर फक्त आजपुरती आहे." शब्द न शब्द ऐकू आला. मी तिथेच सही केली.

आता ही गाडी काय चीज आहे ते सांगतो. तिला इंजिन आहे आणि शिवाय मागच्या सीटखाली एक मोठी बॅटरी आहे. चढाला, वेगात इंजिन चालतं. सपाटीला किंवा उताराला, पायाखाली अंडं आहे असं समजून हळू चालवली, तर इंजिन आपोआप बंद पडतं आणि गाडी नुसत्या बॅटरीवर पुढे सरकत राहते. मांजर चालावी तशी. पासलीत कोंबड्यांनासुद्धा पत्ता लागायचा नाही. धोंडाबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं, "सायेब, हॉरन मारत येत जावा. गाडी हाय का भूत? येखांदं पोर चिरडंल हितं."

कुंदाची जागा मागे, डावीकडे. पुढे बसली की रस्ता अंगावर येतो म्हणायची. डाव्या खिडकीतून तिला ओढा दिसायचा, भातखाचरं दिसायची, आणि मला वरच्या आरशात ती दिसायची. वेल्ह्याचा बाजार मागे पडला की चढ लागतो. चढावर इंजिन धापा टाकायचं आणि कुंदा गप्प बसायची. खिंड ओलांडली, पासलीचा उतार लागला, की इंजिन थांबायचं. मग ती बोलायला लागायची. कधी शाळेतल्या पोरांचं, कधी माझी टिंगल. "त्या तिथल्या खाचरात गोरख दप्तरासकट पडला होता, आणि वर येऊन मलाच म्हणतो, बाई, अभ्यास भिजला." किंवा, "अहो, तुमच्या कचेरीत कधी एवढी शांतता होती का हो?" तो उतार फार मोठा नाही. पण आयुष्यात एवढं सुख मी दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर भोगलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटचा प्रवास मात्र पासलीचा नव्हता. पुण्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणत होतो. डाव्या बाजूला ऑक्सिजनचं सिलिंडर बांधलेलं, म्हणून ती उजवीकडे, बरोबर माझ्या पाठीमागे बसली. आरशात मला नुसतं सिलिंडर दिसत होतं. मी सारखी मान वळवत होतो. कापूरहोळच्या पुढे रस्ता मोकळा झाला, गाडी शांत झाली, तेव्हा मी म्हणालो, "दिसत नाहीस."

मागून नळीतल्या हवेचा आवाज आला आणि मग ती म्हणाली, "ऐकू येतंय ना? मग समोर बघून चालवा."

आषाढात ती गेली.

धोंडाबाई तेराव्याला आल्या. मिताली आईच्या साड्यांचं कपाट उघडून बसली होती. तिनं दोन घेतल्या, बाकीच्यांचं काय करायचं ते तिला कळेना. धोंडाबाई म्हणाल्या, "बाईंची लुगडी बोहारणीच्या भांड्यांवर घालू नगा. मला द्या. आमी गेलेल्या मानसाच्या कापडाची वाकळ शिवतो. मानूस थंडीत उशाला ऱ्हातंय." भोरात आम्ही गोधडी म्हणतो, पासलीत वाकळ. भाताची कामं उरकल्यावर त्यांनी ती टाके घालत घालत शिवली, आणि संक्रांतीला माझ्या हातात दिली. वरच्या बाजूला कुंदाची जांभळी नारायणपेठ होती, खाली शाळेत नेसायच्या सुती साड्या, हिरवी, मोतिया, एक फिकट निळी.

ती घरात ठेवायचं मला सुचलंच नाही. मी ती सरळ गाडीत नेली आणि मागे डावीकडे, तिच्या जागेवर अंथरली. पाठीवरून खाली सोडली, घसरू नये म्हणून कडेची बाजू सीटच्या शेजारी नीट खोचली. गाडीत बसलो. वरच्या आरशात जांभळा रंग दिसला. कुणाला हसायचं असेल तर हसा, पण त्या शनिवारी उतारावर इंजिन थांबलं तेव्हा मी कुंदाशी बोललो. मितालीनं केलेल्या शिऱ्यात गुठळ्या झाल्या होत्या, तेवढंच सांगितलं.

तेव्हापासून दर शनिवारी पासली. नोकरीत होती तेव्हा जायचो तसाच.

थोड्या दिवसांनी उतारावर एक बारीकसा आवाज यायला लागला. मागून, डाव्या बाजूनं. कुणीतरी खोल श्वास घ्यावा आणि सोडावा, तसा. मी काही खुळा नाही. यंत्राचाच आवाज असणार, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं. मी तो आवाज कुणाला सांगितला नाही. काच वर घ्यायचो आणि ऐकत राहायचो.

शिमग्यानंतर ऊन तापलं आणि एका शनिवारी खिंड ओलांडली तरी इंजिन थांबलंच नाही. समोर पिवळा दिवा लागला. हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या, असा मजकूर आला. सबंध उतारभर इंजिन गुरगुरत राहिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला नीट ऐकू आला नाही. धोंडाबाईंकडे चहा घेतला तो कसा लागला ते आठवत नाही.

सोमवारी गाडी पुण्याच्या वर्कशॉपला नेली. नेण्याआधी वाकळ काढून, घडी घालून कपाटात ठेवली. तिथल्या पोरांचे तेलकट हात कुंदाच्या नारायणपेठेला लागलेले मला चालणार नव्हते. प्रत्येक खेपेला मी असंच केलं. हे लक्षात ठेवा.

वर्कशॉपात अर्णव नावाचा मुलगा गिऱ्हाइकांशी बोलायला नेमलेला होता. नम्र, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं गाडी संगणकाला जोडली आणि म्हणाला, "काका, पुढची छोटी बॅटरी उतरलीय." छोटी बॅटरी? हिला दोन बॅटऱ्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. बदलली. शनिवारी पुन्हा दिवा. मग म्हणाले, तापमान मोजणारा सेन्सर. बदलला. पुढच्या शनिवारी गाडी गप्प राहिली, मला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या शनिवारी भर चढात पिवळ्याचा लाल झाला आणि गाडीची ताकदच गेली. मागे एसटी हॉर्न मारतेय, आणि मी बैलगाडीच्या चालीनं खिंड चढतोय. ड्रायव्हर शेजारून जाताना म्हणाला, "आजोबा, ढकलायचं का?"

तिसऱ्या खेपेला अर्णवनं मला आत बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे आकडा मोठा असणार हे कारकुनाला सांगावं लागत नाही. "काका, मोठी बॅटरी गेलीय. आतले सेल तापून खराब झालेत. गाडीची वॉरंटी पहिल्या मालकाबरोबरच संपली. अडीच लाखांच्या आसपास जाईल." मी पाणी प्यायलो नाही.

मग त्यानं टॅबवर काहीतरी काढलं आणि विचारलं, "काही गोष्टी विचारायच्या असतात. गाडीत मागून वेगळा आवाज येतो का? घरघर, पंख्यासारखा?"

"नाही," मी म्हणालो.

"मागच्या सीटवर काही सामान ठेवता का? पोती, बॅगा?"

"नाही. मागे माझी बायको बसायची."

अर्णवनं मान खाली घातली आणि दोन्ही रकान्यांत नाही लिहिलं.

मिताली फोनवर कडाडली. "बाबा, विका ती गाडी! अडीच लाखांत मी तुम्हाला जन्मभर टॅक्सीनं पासलीला पाठवीन."

"टॅक्सीवाला गप्प बसेल का?"

"म्हणजे?"

"काही नाही," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, हे कुणाचं "काही नाही" होतं ते.

बँकेत कुंदाच्या नावावरची एक मुदतठेव माझ्याकडे आली होती. ती मोडली. मिताली आठवडाभर बोलली नाही. नवी बॅटरी बसली, मी वाकळ पुन्हा जागच्या जागी अंथरली, कड खोचली, आणि शनिवारी निघालो. खिंड ओलांडली. उतार लागला. इंजिन थांबलं. इतकी शांतता, की खाचरापलीकडे कुणीतरी गुरांना हाकारत होतं तेसुद्धा ऐकू आलं. मी आरशात बघून म्हणालो, "तुझी ठेव मोडली, कुंदा. रागावू नकोस." रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी पोटभर रडलो. ती गेल्यावर इतका मोकळा मी पहिल्यांदाच रडलो.

चार-सहा शनिवार असे गेले. मागून तो श्वासाचा आवाजही परत आला. आणि मग वैशाखात, पासलीच्या त्याच उतारावर, पिवळा दिवा.

मी पिसाळलो. दुसरा शब्द नाही. वर्कशॉपात जाऊन इतका ओरडलो की सोफ्यावर बसलेली गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली. फसवणूक म्हणालो, ग्राहक मंचात खेचतो म्हणालो. अर्णवनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. चालवून पाहिली, घाटात नेली. दिवा लागलाच नाही. परत देताना तो शांतपणे म्हणाला, "काका, खरं सांगू का? आमच्याकडे असते तेव्हा गाडी ठणठणीत असते. आजारी पडते ती तुमच्याकडेच."

ते वाक्य मला फार लागलं. कुंदाच्या बाबतीतही मी स्वतःला हेच विचारत आलो होतो, की दवाखान्यात ती बरी असायची, घरी आणली की खालावायची, माझंच काही चुकत होतं का. घरी येऊन मी कचेरीच्या भाषेत कडक तक्रार लिहिली. उपरोक्त विषयास अनुसरून, वगैरे. पाकीट बंद केलं, सोमवारी रजिस्टर करायचं ठरवलं, आणि शनिवारी पासलीला निघालो.

उतारावर पुन्हा दिवा. धोंडाबाईंच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा इंजिन घरघरतच होतं. त्या बाहेर आल्या.

"आज हॉरन नगं, आवाजच लई हाय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा बिगडली का वो?"

"बिघडली. आता कोर्टात जातो."

"जावा बापडं. पर त्याआदी ती वाकळ द्या हिकडं. संक्रातीपासनं गाडीत कोंडलीया. वाकळीला ऊन दावाय लागतंय. कुबट वास सुटंल न्हाईतर."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं, खोचलेली कड ओढून काढली, आणि वाकळ वळणीवर टाकून काठीनं झोडपायला लागल्या. उन्हात बारीक बारीक धागे उडाले. मी मागच्या रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिलो. तशी ती कधी बघवत नाही, म्हणून मी नजर खाली नेली. सीटच्या कडेला, जिथे मी वाकळ खोचत होतो, तिथे हाताएवढी काळी जाळी होती. जाळी कसली, जाळीची भोकं दिसतच नव्हती. त्यांच्यावर कापसाचा थर बसला होता. बोट लावलं तर थर निघून आला. जांभळा, त्यात थोडा हिरवा, थोडा मोतिया.

मी हात आत घातला. आतून अजून निघाला. आणि आतला पंखा तो आवाज करत होता, तोच, श्वासासारखा. तो बॅटरीला हवा ओढत होता. ओढत होता आणि त्याला ती मिळत नव्हती.

मी अंगणात खाली बसलो. जाळी कपड्यानं झाकू नये, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं मी घेतल्या आठवड्यातच वाचलं होतं. वाचून खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. पण ते सामानाविषयी आहे असं मी समजलो, कुंदाविषयी नाही. अर्णवनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हणालो. वर्कशॉपात नेताना वाकळ काढली की गाडीला थोडीफार हवा मिळायची, म्हणून ती तिथे ठणठणीत असायची. जो आवाज मला सोबत वाटत होता तो गुदमरण्याचा होता. तो आवाज मी वर्षभर घरात ऐकला होता, रात्र रात्र ऐकला होता, आणि तरी मी तो ओळखला नाही. मी काच वर घेऊन ऐकत बसलो.

"काय झालं वो सायेब?" धोंडाबाई काठी टाकून आल्या. मी हातातला कापूस दाखवला आणि जाळी दाखवली. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"म्हंजी माझ्या वाकळीनं गाडीचा दम कोंडला?"

"तुमच्या नाही. मी अंथरली."

त्या म्हणाल्या, "निम्मी करू का? मधून कापते, दोन बारक्या शिवते. जाळीवर यायची न्हाई."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्यांचं कुत्रं उठून भुंकलं. "तिला कापायची नाही."

"बरं बया, ऱ्हाऊ दे. कोन कापतंय?" त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. आम्ही दोघं वाकळ उन्हात वाळवत बसलो. निघताना मी तो कापूस रुमालात बांधून खिशात घातला.

सोमवारी पोस्टात गेलो नाही. वर्कशॉपात गेलो. या खेपेला वाकळ घेऊन. अर्णव मला बघून सावध उभा राहिला. बिचाऱ्याला वाटलं, आता म्हातारा पुन्हा ओरडणार. मी रुमाल त्याच्या टेबलावर सोडला आणि सगळं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं हा हसेल, निदान अडीच लाखांची आठवण तरी करून देईल. त्यानं तसलं काही केलं नाही. गाडीपाशी आल्यावर वाकळ बाजूला ठेवायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "एक मिनिट, काका," आणि आत जाऊन साबणानं हात धुऊन आला. मग दोन्ही हातांनी उचलून त्यानं ती स्वतःच्या खुर्चीवर ठेवली. मला त्या मुलावर केलेला आरडाओरडा आठवला.

त्यांनी जाळी, नळी, पंखा, सगळं हवेच्या झोतानं साफ केलं. नव्या बॅटरीला अजून काही झालेलं नव्हतं. वेळेवर आलात, अर्णव म्हणाला.

"वाकळ घरी ठेवा असं मी म्हणणार नाही, काका. फक्त डावीकडे नको. उजवीकडे ठेवा, तुमच्या सीटच्या मागे. तिकडे जाळी नाही."

"तिकडे मला दिसत नाही," मी म्हणालो.

त्यानं वरच्या आरशाला हात घातला, थोडा फिरवून पाहिला, ड्रायव्हरच्या जागी बसून पाहिलं. "नाही दिसत," तो म्हणाला. "आपलंच डोकं मध्ये येतं." आणि आरसा पुन्हा होता तसा करून ठेवला.

आठवडाभर मी विचार करत होतो. डावीकडे ठेवावी, तर दिसेल, पण इंजिन ओरडत राहील आणि पुढेमागे ही बॅटरीही जाईल. घरी ठेवावी, तर गाडी शांत, पण गाडीत कुणीच नाही. मितालीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मीही येते पासलीला." मी म्हटलं, ये, पण पुढे बस. मागे जागा नाही.

शनिवारी सकाळी वाकळ घेऊन गाडीपाशी गेलो. सवयीनं डावं दार उघडलं. उभा राहिलो. मग वाकळ सीटवर ठेवली आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेली. "जरा सरकून बस," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी तिला एसटीत असंख्य वेळा म्हटलं होतं आणि ती एकदाही सरकली नव्हती, कारण तिला खिडकी हवी असायची. आज सरकली.

नसरापूर गेलं, वेल्हे गेलं. आरशात मागची डावी बाजू मोकळी होती, काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. दोन-तीनदा मी मान वळवली. चढाला इंजिन नेहमीसारखं धापा टाकत होतं. खिंड आली. उतार लागला, मी पाय सैल सोडला, आणि इंजिन थांबलं. मागून श्वास आला नाही. कसलाच आवाज आला नाही. टायरखाली खडी वाजत होती तेवढीच.

मी वाट पाहिली. मग म्हणालो, "दिसत नाहीस."

ओढा डावीकडून जवळ आला, खाचरं दिसायला लागली. मी मान वळवली नाही. समोर बघून गाडी चालवत राहिलो.